मापाआड लपलेला भाव

एखाद्याला त्याच्या गावातल्या जमिनीचा भाव विचारावा. आकडा सांगताना तो कोणते माप उच्चारतो एवढ्यावरून त्याचे गाव ओळखता येते. म्हापशाचा मनुष्य चौरस मीटरचा भाव सांगतो. सावंतवाडीचा आणि बेळगावचा गुंठ्याचा सांगतो. हैदराबादकर शहरात असेल तर गजाने बोलतो आणि वेशीबाहेर पडला की एकराने. बडोद्याकडे शेताला विघा लागतो, पण त्याच शेताचे भूखंड पडले की वार सुरू होतात. इंदुरात प्लॉटची बोली चौरस फुटांत होते, मात्र त्यापलीकडचा काळ्या मातीचा मळा अजून बिघ्यानेच ओळखला जातो. आणि बिघा म्हणजे तरी एक माप आहे काय? ग्वाल्हेरीकडे जवळजवळ पाच बिघ्यांचा हेक्टर होतो, माळव्यात चारांतच भरतो. मध्य गुजरातेतला विघा साडेतेवीस गुंठ्यांच्या आसपास, तर सौराष्ट्रातला अवघा सोळा गुंठ्यांचा. मराठी बोलणारी घराणी ह्या बहुतेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. लग्नकार्याला एकत्र जमली म्हणजे बोलीतले भेद ती हसतखेळत मोजतात. परंतु जमिनीची गोष्ट निघाली की जो तो आपल्या मापाने बोलतो, आणि दुसऱ्याचा आकडा ऐकून एकतर थक्क होतो, नाहीतर मनातल्या मनात हसतो. भाव दोघांनाही कळलेला नसतो.

‘एक कोटी’ हाच आकडा घ्या. एकराला एक कोटी म्हणजे चौरस मीटरला सुमारे २,४७१ रुपये. मध्य गुजरातच्या विघ्याला एक कोटी म्हणजे ४,२०० च्या घरात. ग्वाल्हेरी बिघ्याला एक कोटी म्हणजे ४,८०० च्या आसपास. आणि गुंठ्याला एक कोटी म्हणजे चौरस मीटरला ९८,८०० रुपयांहून अधिक! चार सोयरे एका पंगतीत बसून ‘आमच्याकडे कोटीचा भाव चालला आहे’ असे म्हणतात, तेव्हा त्यांतल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग जमिनीत चाळीस पटींचे अंतर असते, आणि ते कोणाच्याही ध्यानात येत नाही.

पूर्वीची मापे ह्याहूनही ढोबळ होती, परंतु ती लबाड नव्हती. गोव्यात आणि कोकणात शेत किती कुडव बियाण्याचे, किती खंडीचे, असे विचारीत. भाट किती माडांचे, असे विचारीत. त्या मापात जमिनीचे काम सामावलेले होते. वीस कुडवांची खंडी पेरणारे शेत खाजनातले आहे की मोरडीवरचे, त्याला खारे पाणी लागते की नाही, हे सांगितल्याखेरीज माप पुरेच होत नसे. पोर्तुगिजांच्या अमदानीत गोव्यात मीटर आला. उरलेल्या भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापांचा पाया घातला गेला. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर व आर बसले, तरी तोंडचा गुंठा काही सुटला नाही. आर आणि गुंठा एकच, असे मानून पुष्कळ व्यवहार होतात. वास्तविक गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा आणि आर नेमका १०० चा. फरक क्षुल्लक आहे हे खरे. पण हेक्टरात शंभर गुंठे नसतात, अठ्ठ्याण्णव आणि वर थोडे असतात, हे घेणाऱ्याला ठाऊक असते आणि देणाऱ्याला नसते, एवढे मात्र आम्ही अनेकदा पाहिले आहे.

मापांच्या ह्या गोंधळाला आम्ही एवढी जागा दिली ती केवळ मौजेखातर नव्हे. आमचा वाद असा आहे की, प्रांताप्रांतांतील जमिनीच्या भावातला फरक मातीतून फार थोडा आणि तथाकथित बाजारातूनही फार थोडा येतो. तो मुख्यत्वेकरून सरकारी परवानगीतून येतो. आणि ती परवानगी हाती येण्यापूर्वी जमीन विकणारा एक असतो व हाती आल्यानंतर विकणारा दुसराच असतो. गोव्यात तिला सनद म्हणतात, महाराष्ट्रात व बेळगावकडे बिनशेती किंवा नुसते ‘एन. ए.’, बडोद्यात बिनखेती, इंदुरात डायव्हर्शन, हैदराबादेत नाला. नावे पाच, वस्तू एक. शेताच्या भावाने घेतलेली जमीन ह्या एका कागदाने दुकानाच्या, हॉटेलाच्या, कारखान्याच्या भावाची होते. मधला नफा कोणाच्या घामाचा असतो, हे कोणीतरी आम्हांस समजावून सांगावे.

२०२३ च्या ऑगस्टात हैदराबादलगत कोकापेट येथे तिथल्या महानगर विकास प्राधिकरणाने भूखंडांचा लिलाव केला. एका भूखंडाला एकरी १०० कोटी ७५ लाख रुपयांची बोली पडली. वृत्तपत्रांनी आकडा ठळक अक्षरांत छापला. गजाला २ लाख ८ हजार रुपये, चौरस मीटरला जवळजवळ २ लाख ४९ हजार. इतर गावचे जमीनमालक तो आकडा वाचून आपल्या पडीक माळाकडे निराळ्याच नजरेने पाहू लागले असल्यास नवल नाही. परंतु त्या लिलावात विकले काय गेले? कोकापेटच्या खडकाला असे कोणते सोने लागले होते? ज्या जमिनीवर चटईक्षेत्राची मर्यादा नाही, रस्ता, पाणी व वीज सरकारने आणून दिली आहे, आणि जिचा मालकी हक्क सरकारने स्वतः हमी देऊन हातात ठेवला आहे, अशी ती जमीन होती. बोली लागली ती त्या जमिनीवर चढू शकणाऱ्या मजल्यांना. निदान तेथे बोली उघडपणे लागली आणि पैसा सार्वजनिक तिजोरीत गेला. बाकी ठिकाणी ही मजल्यांची किंमत कोणाच्या खिशात जाते, हा आमचा प्रश्न आहे.

आता ‘मागणी तसा भाव’ असे सांगणाऱ्यांकडे वळू. हे सद्‌गृहस्थ म्हणतात, समुद्र दिसतो तेथे भाव चढणार, विमानतळ होईल तेथे चढणार, ह्यात कायद्याचा काय संबंध? आम्ही त्यांना पेडण्याला नेऊ इच्छितो. मोपाचा मनोहर विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात उद्‌घाटित झाला. त्याच्या एका अंगाला गोव्याचा पेडणे तालुका, दुसऱ्या अंगाला सिंधुदुर्ग. दोहोंकडे तोच जांभा, तीच काजूची झाडे, तोच पाऊस, आणि कित्येकदा तीच आडनावे. पण सिंधुदुर्गात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. मुंबई कूळवहिवाट कायद्याचे त्रेसष्टावे कलम १९४८ पासून तेथे राखण करीत बसले आहे. गोव्यात २०२३ पर्यंत असा अडसरच नव्हता. कर्नाटकात तो होता. तेथील भूसुधारणा कायद्याची ७९ अ आणि ७९ ब ही कलमे २०२० साली काढून टाकण्यात आली, आणि बेळगावच्या शेतकऱ्याच्या बांधावर राज्याबाहेरचा व्यापारी निर्वेध उभा राहू शकला. मध्य प्रदेशात आदिवासींच्या जमिनीचा अपवाद सोडला तर असे बंधन नाहीच. पैसा पाण्यासारखा असतो. जेथले दार उघडे तेथे तो शिरतो. दारे कोणी उघडली आणि कोणत्या साली उघडली हे सांगता येत असताना त्याला ‘मागणी’ म्हणून निसर्गाच्या माथी मारण्यात काय हशील?

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. गोव्यातल्या एकाच गावात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना जमिनीचे दोन भाव असतात. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ जमिनीचे मालक झाले. त्यानंतर १९९१ च्या भू-वापर नियमन कायद्याने अशा जमिनी शेतीखेरीज अन्य कामाला लावण्यास मनाई केली. हेतू चांगला होता आणि आजही आम्ही त्याच्या बाजूने आहोत. परंतु परिणाम पाहा. बांधाच्या अलीकडे कुळाचे शेत आहे. ते शेतच राहणार, म्हणून त्याला शेताचा भाव. बांधाच्या पलीकडे भाटकाराचे त्याच प्रतीचे भाट आहे; त्याचा झोन बदलून आणता येतो, म्हणून त्याला बंगल्याचा भाव. ज्याने कंबर वाकवून शेत राखले त्याची जमीन स्वस्त, आणि ज्याने ओळखीपाळखी राखल्या त्याची महाग. ह्यात सृष्टिसौंदर्याचा वाटा किती, हे ‘मागणी’वाल्यांनी मोजून दाखवावे. माप कोणतेही चालेल.

झोन कसा बदलतो हीसुद्धा पाहण्यासारखी गोष्ट आहे. २००७ साली गोव्याच्या जनतेने रस्त्यावर उतरून २०११ चा प्रादेशिक आराखडा रद्द करवून घेतला. त्यानंतर २०२१ चा आराखडा गावोगाव बैठका घेऊन, नकाशे भिंतींना लावून, भांडत भांडत तयार झाला. तो सर्वगुणसंपन्न होता असे नव्हे. पण गावाने तो पाहिला होता, एवढे त्याच्याविषयी म्हणता येते. मग नगरनियोजन कायद्यात एकामागून एक कलमे आली : २०१८ साली १६ ब, २०२३ साली १७(२), २०२४ साली ३९ अ. कोणाचा रोख कोणावर ह्याची चर्चा आम्ही करीत नाही. त्यांची रचना काय, एवढेच पाहू. संपूर्ण गावाचा नकाशा एकदम विचारात न घेता सुट्या सर्व्हे क्रमांकाच्या धन्याने अर्ज करावा आणि त्याच्या तुकड्यापुरता रंग बदलावा, अशी ती रचना. १७(२) ने तर ‘अनवधानाने झालेल्या चुका’ सुधारण्याचे निमित्त पुढे केले. म्हणजे आमची कित्येक शेते आजवर अनवधानानेच शेते राहिली होती! २०२५ च्या मार्चात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द ठरवले आणि कलमाचा अर्थही संकुचित केला, ही समाधानाची गोष्ट. परंतु मधल्या दोन वर्षांत ज्यांनी विकले त्यांनी शेताच्या भावाने विकले की सनदेच्या, हे कोण विचारणार?

आणि ह्याच २०२३ सालात ह्याच विधानसभेने दुसरा एक कायदा केला : भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकू नये. एका हाताने शेताला कुंपण आणि दुसऱ्या हाताने नकाशावर रबर! भातशेत विकता येणार नाही, पण ते भातशेत नव्हेच असे ठरवून घेता येईल. असे दोन कायदे एका वर्षी एका छताखाली संमत होतात, तेव्हा त्यांतला खरा कोणता, हे ओळखायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

आमच्या दुसऱ्या प्रतिपक्षाशी वाद घालणे अधिक नाजूक आहे, कारण ते आमचेच स्नेही आहेत. मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषांत त्यांचा स्वर एकच. ‘बाहेरचे आले, दिल्लीवाले आले, सारे घेऊन गेले.’ हा विलाप आम्हीही कधी कधी मनात करतो. पण विलापाने हिशेब होत नाही. बाहेरचा मनुष्य आला तो रात्री भिंत फोडून आला नाही. त्याला आत आणणारा दलाल गावचा, उतारा दाखवणारा गावचा, वाटणीचे भांडण मिटवून देतो म्हणणारा गावचा, आणि झोन बदलून देतो असे कानात सांगणारा तर गावाने निवडून दिलेला. २०२२ साली गोव्यात खोट्या दस्तांनी जमिनी बळकावल्याच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले, निवृत्त न्यायाधीशांचा आयोगही नेमावा लागला. मालक परदेशी किंवा दिवंगत, वारस विखुरलेले, पोर्तुगीज काळचे दस्तऐवज वाचणारा कोणी नाही, अशी घरे हेरून काढणे परक्याला साधत नाही. त्यासाठी गावचा इतिहास माहीत असलेला माणूस लागतो.

आणि ‘बाहेरचे’ म्हणजे कोण, हे तरी आपण जपून बोलावे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी मंडळी तेथे होळकर, शिंदे, गायकवाडांच्या काळात बाहेरूनच गेली. वतने मिळाली, वाडे बांधले. आज तेच वाडे एकेक करून पडत आहेत. मोठ्या चौकाचा वाडा, मागची विहीर, घोड्यांची पागा, हे सारे ‘वाडा’ म्हणून एका ठोक रकमेला जाते. सहा भावंडांत ती रक्कम वाटली जाते. आणि त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत आपल्याच मुलासाठी एक सदनिका घ्यायची वेळ येते तेव्हा मात्र व्यवहार चौरस फुटांत होतो. ठोक विकायचे आणि फुटाने परत घ्यायचे! लेखकाच्या ओळखीच्या घरांतून हे घडले आहे, आणि तेथे कोणी दिल्लीवाला नव्हता.

ठोकाने घेऊन मापाने विकणे ही कला सरकारलाही चांगली अवगत आहे. औद्योगिक वसाहतींसाठी शेतकऱ्याकडून जमीन घेताना ती हेक्टरांत किंवा एकरांत घेतली जाते, आणि उद्योजकाला देताना चौरस मीटरच्या दराने दिली जाते. रस्ते, गटारे, दिवे ह्यांचा खर्च मध्ये येतो हे कबूल. परंतु तो खर्च वजा जाता शिल्लक काय उरली, आणि मूळ मालकाचा त्यात अंश किती, हा हिशेब वसाहतीच्या फाटकावर लावलेला आम्हांस कोठेही आढळला नाही.

लहान तुकड्याची कहाणी तर ह्याहून करुण आहे. महाराष्ट्रात तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेत फार लहान झाले तर ते पोसत नाही, म्हणून ठरावीक क्षेत्राखालचा तुकडा विकू नये, असा त्याचा आशय. २०२३ साली ही मर्यादा बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे अशी ठरली. शेतीच्या दृष्टीने हे योग्यच. परंतु शहरालगतच्या गिरणीकामगाराने, रिक्षावाल्याने, शाळेच्या शिपायाने काय करावे? त्याला एकच गुंठा परवडतो. तो नोटरीच्या कागदावर, बेळगावकडे बाँडवर, गुंठाभर जागा घेतो, पत्रे घालतो, आणि वीस वर्षे भीत भीत राहतो. घर त्याचे, पण सातबाऱ्यावर नाव नाही. कर्ज मिळत नाही, विकायचे तर किंमत अर्धी. ‘गुंठेवारी’ हा शब्द अशा वस्त्यांतून जन्मला आणि २००१ साली त्याला स्वतःचा कायदा लाभला. २०२५ साली महाराष्ट्राने नागरी क्षेत्रांत हे बंधन सैल करण्यास प्रारंभ केला, पण तोवर दोन पिढ्या गेल्या. आता हाच शब्द ज्या महाराष्ट्रात गुन्ह्यासारखा उच्चारला गेला, त्याच महाराष्ट्रात बिगरशेतकरी उद्योजकाने खऱ्याखुऱ्या औद्योगिक कामासाठी योग्य त्या क्षेत्रात दहा हेक्टरांपर्यंत शेतजमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून घेण्याची सोय कायद्यात आहे. दहा हेक्टर म्हणजे ९८८ गुंठे. एक गुंठा घेणारा कायदा मोडणारा, आणि ९८८ गुंठे घेणारा राज्याचा पाहुणा! उद्योग येऊ नयेत असे आम्ही म्हणत नाही. एका गुंठ्यालाही कायद्यात दार हवे होते, आणि ते सत्तर वर्षे आधी हवे होते, एवढेच आमचे म्हणणे.

बेळगावला ‘साईट’ तीस बाय चाळीस फुटांची. म्हणजे बाराशे चौरस फूट, गुंठ्यापेक्षा केवळ शंभरएक फूट मोठी. गोव्यात फार्महाउस बांधायचे तर चार हजार चौरस मीटर जमीन हवी, म्हणजे साधारण एकर. ह्या दोन आकड्यांतच कोणाच्या डोळ्यांसमोर कोणता ग्राहक ठेवून नियम केले गेले ते दिसून येते. शेत मोडू नये म्हणून किमान एकराची अट घातली. तिचा लाभ असा झाला की ज्याच्यापाशी एकर घेण्याइतका पैसा आहे त्यालाच शेतात घर बांधता यावे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. खरेदीखतात किंमत कमी दाखवण्याची चाल सर्व प्रांतांत एकसारखी आहे. मापे भिन्न असली तरी ह्या बाबतीत राष्ट्रीय ऐक्य पूर्ण आहे. सरकारने ठरवलेला किमान दर, मग त्याला महाराष्ट्रात रेडी रेकनर म्हणा, गुजरातेत जंत्री म्हणा किंवा मध्य प्रदेशात गाइडलाइन म्हणा, तेवढा खतात लिहायचा आणि उरलेले पिशवीतून. विकणारा म्हणतो, ह्यात माझे काय गेले? कर वाचला, मुद्रांक वाचले. घेणाऱ्याचेही वाचले. दोघेही समाधानाने चहा पितात.

परंतु उद्या त्याच गावातून महामार्ग जातो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या सव्विसाव्या कलमाप्रमाणे मोबदला कसा ठरतो? मागील तीन वर्षांत त्या भागात तशाच जमिनीची जी खरेदीखते नोंदवली गेली, त्यांतली वरच्या किमतीची अर्धी घेऊन सरासरी काढायची. ती सरकारी किमान दराशी ताडून पाहायची. जे अधिक ते धरायचे. ग्रामीण भागात त्याला १ ते २ ह्यांमधल्या गुणांकाने गुणायचे, आणि तितकीच रक्कम दिलासा म्हणून वर द्यायची. म्हणजे गुणांक १ असेल तर मूळ किमतीची दुप्पट आणि २ असेल तर चौपट. शेजाऱ्यांनी आपापल्या खतांत जो भाव लपवला, तो आता सरासरीतून नाहीसा झाला. गावातली सारी खते अशीच निघाली, तर लपवलेल्या प्रत्येक रुपयामागे ज्याने काहीच विकले नव्हते आणि विकायचेही नव्हते त्या शेतकऱ्याचे दोन ते चार रुपये बुडाले. बेळगावजवळ हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन देण्यास शेतकऱ्यांनी केलेला विरोध आमच्या वाचकांना ठाऊक आहे. तेथील प्रश्न केवळ पैशाचा नाही, तिबार पिकणाऱ्या मातीचा आहे. तरी मोबदल्याचा आकडा हलका का निघतो, ह्याचे एक कारण अशा सर्व गावांच्या खरेदीखतांतच आढळेल.

सरकारी दरही वेळेवर जागे होतात असे नाही. गुजरातची जंत्री २०११ साली ठरली ती २०२३ च्या एप्रिलापर्यंत तशीच राहिली. मग एका फटक्यात दुप्पट केली गेली. मधल्या बारा वर्षांत मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेसाठी जमिनी घेण्याचे काम सुरू झाले. जुन्या जंत्रीविषयीची तक्रार घेऊन शेतकरी उच्च न्यायालयात गेले, आणि २०१९ साली त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. तेलंगणातही २०१३ नंतर २०२१ पर्यंत सरकारी मूल्ये हलली नव्हती, आणि त्याच काळात हैदराबादेभोवतीचे भाव कोठल्या कोठे गेले. गुणांकाचेही तसेच. १ ते २ मधला आकडा निवडण्याची मुभा राज्यांना आहे, आणि मध्य प्रदेशाने २०१४ साली सर्वांत लहान तो १ निवडला. एकाच केंद्रीय कायद्याखाली, एकाच प्रतीच्या काळ्या जमिनीला, राज्याची हद्द ओलांडताच दुप्पट किंवा निम्मा मोबदला! ह्यालाही कोणी मागणी-पुरवठा म्हणणार असेल तर आम्ही हात जोडतो.

गोव्यातल्या गावकारीचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तिचे रीतिरिवाज १५२६ च्या फोरालमध्ये लिहून ठेवले गेले, पण ती त्याहून पुष्कळ जुनी. तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. गावकार म्हणजे ठरावीक कुळांचे पुरुष, आणि शेतात राबणारी बहुसंख्य माणसे तिच्या बाहेर, हे विसरून चालणार नाही. पण तिची एक रीत डोळस होती. जमिनीची पावणी गावासमोर होई. कोणत्या शेताला कोणी किती बोली दिली हे देवळाच्या किंवा चॅपेलच्या आवारात उभ्या असलेल्या पोराटोरांनाही ठाऊक असे. भाव हे गुपित नव्हते. कूळकायद्यानंतर ती पद्धत बहुतांशी मोडली, ते अपरिहार्यही होते; परंतु तिच्या जागी उघडेपणाची दुसरी कोणतीच रीत आपण आणली नाही. आज शेजारचे शेत कितीला गेले हे शेजाऱ्याला कळते ते अफवेने, आणि अफवा पसरवणारा बहुधा दलालच असतो.

म्हणून आम्ही जे मागतो ते फार थोडे आहे. प्रत्येक तालुक्यात दर वर्षी नोंदवलेल्या विक्रीची यादी चावडीवर लागावी. क्षेत्र चौरस मीटरमध्ये, खतातली किंमत, आणि त्या जमिनीचा झोन किंवा वापर शेवटचा केव्हा व कोणाच्या अर्जावरून बदलला तो दिनांक. झोन सुट्या तुकड्याचा बदलू नये. बदलायचा तर गावाचा सारा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवून बदलावा. आणि जमीन विकल्यानंतर ठरावीक वर्षांच्या आत तिचा वापर बदलून भाव वाढला, तर त्या वाढीतला वाटा मूळ विकणाऱ्याला आणि पंचायतीला मिळावा. शेवटची मागणी ऐकून कित्येक वकील हसतील. हसोत. घराच्या वाटणीत बहिणीलाही हिस्सा, ही गोष्ट ऐकूनही एके काळी असेच हसत असत.

सरकार हे करीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाने दुय्यम निबंधकाच्या कचेरीतले पहिले पुस्तक आणि त्याची सूची ठरलेली फी भरून कोणाही माणसाला पाहता येते. त्यासाठी जमिनीचा मालक असावे लागत नाही, वकील असावे लागत नाही. पेडण्याच्या, खानापूरच्या, सांवेरच्या, पादऱ्याच्या वाचकाने एक दिवस काढून आपल्या गावाची मागील तीन वर्षांची खते पाहावीत. माणसांची नावे आम्हांस नकोत. गाव, क्षेत्र चौरस मीटरमध्ये, खतातली किंमत, वापर बदलल्याचा दिनांक, एवढे एका कागदावर लिहून ह्या नियतकालिकाच्या पत्त्यावर पाठवावे. मराठीत असो वा कोंकणीत. बिघ्याचे, गजाचे वा गुंठ्याचे रूपांतर करणे अवघड वाटल्यास मूळ माप तसेच लिहावे, मात्र त्या गावचा बिघा किती हातांचा किंवा किती गुंठ्यांचा, हे सोबत अवश्य कळवावे.